नागीचा जबाब

(कर्जत व खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



काल संध्याकाळी आपण एक जर्मन सिनेमा थांबवत थांबवत पाहिला आणि रात्री जेवणं आटपल्यावर ‘आक्रोश’ पाहिला. दोन्हींत खून आहेत. दोन्हींत खरे गुन्हेगार उजळ माथ्याने फिरतात. दोन्ही सिनेमे गाजले, त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं, आणि तो मान त्यांना मिळायला हवाच होता. पण दोन्हींत ज्या बाईने सगळं सोसलं तिचा जबाब कोणी घेत नाही. पोलीस घेत नाहीत हे आपल्याला नवं नाही. सिनेमाही घेत नाही. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

सकाळच्या लोकलने ज्या आल्या त्यांच्यासाठी ‘आक्रोश’ची गोष्ट सांगते. सिनेमा १९८० चा. गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला. लिहिला विजय तेंडुलकरांनी. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८१ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे. सुरुवातीलाच नागीची चिता दिसते, आणि बेड्या घातलेल्या लहान्याला अग्नी द्यायला आणलेलं असतं. त्याचा वकील भास्कर कुलकर्णी तरुण आहे, कोर्टाने नेमून दिलेला. समोर सरकारी वकील दुसाणे, भास्करचा गुरू, आणि स्वतः आदिवासी. लहान्या वकिलाशी एक शब्द बोलत नाही. हळूहळू भास्करला कळतं की नागीवर गावच्या बड्या मंडळींनी बलात्कार केला, तिला मारलं, आणि गुन्हा नवऱ्याच्या नावावर टाकला. जंगलाचा ठेकेदार, पोलीस अधिकारी, डॉक्टर, पुढारी. संध्याकाळी क्लबात एकत्र पत्ते खेळणारी माणसं. ज्यांनी तपास करायचा, दाखला द्यायचा, तेच त्यात.

सिनेमा चांगला आहे की नाही, या वादात मी पडत नाही. चांगलाच आहे. दुसाणेंसारखं पात्र तर आपल्या सिनेमात फार थोड्या वेळा आलं असेल. शिकून वर गेलेला आदिवासी, रात्री फोनवर जातीवरून शिव्या खाणारा, आणि दिवसा कोर्टात त्याच व्यवस्थेची बाजू मांडणारा. अमरीश पुरींनी ते काम फार समजून केलं आहे. लहान्याचं गप्प राहणंही आपल्याला कळतं. तो तोंड उघडेल तर मागे म्हातारा बाप आहे, तरणी बहीण आहे, आणि तान्हं मूल आहे. ओम पुरींच्या त्या डोळ्यांबद्दल समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली.

आता नागी. ते काम स्मिता पाटीलने केलं आहे. ती आपल्याला दिसते लहान्याच्या आठवणींच्या तुकड्यांतून. कामावर, घरात, हसताना, आणि मग ओढून नेली जाताना. म्हणजे नागी आपल्याला भेटते ती नवऱ्याला आठवते तेवढी. ती काय म्हणत होती? मुकादम आधीपासून त्रास देत होता का? तिने कोणाला सांगितलं होतं का? कामावरच्या बायकांना ठाऊक होतं का? आपण वाड्यांवर काम करणाऱ्या बायका आहोत, आपल्याला माहीत आहे की असं काही एका रात्रीत होत नाही. बायकांना आठ दिवस आधी कळलेलं असतं. पाण्यावर, लाकडाच्या मोळीखाली, भट्टीवर त्यांचं आपसात बोलणं झालेलं असतं. भास्कर कुलकर्णी पुरावा शोधत सगळीकडे फिरतो, पण नागीबरोबर काम करणाऱ्या बायकांपाशी जाऊन बसत नाही. त्याला ते सुचत नाही, म्हणजे लिहिणाऱ्यालाही सुचलं नाही.

काल मागून एकीने विचारलं की ही ठाकरं का कातकरी, आणि हिंदी कशी बोलतात? सगळ्या हसल्या. पण प्रश्न अगदी बरोबर होता. संवाद हिंदी आहेत, सत्यदेव दुबेंचे. ज्या माणसांची गोष्ट आहे त्यांची बोली सिनेमात नाही, त्यामुळे त्यांचं गप्प राहणं सोपं होऊन जातं. या भाषेच्या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण आपल्या कर्जतच्या आणि खालापूरच्या कोर्टातही नेमकं हेच होतं.

कोणी म्हणेल, तेंडुलकरांना बाईला बोलतं करता येत नव्हतं. तसं मुळीच नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा. लीला बेणारेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करून पुरुष तिचे वाभाडे काढतात, आणि शेवटी ती बोलते. मोठं भाषण आहे ते. ते इतर पात्रं ऐकत नाहीत, पण आपण प्रेक्षक ऐकतो. १९७१ मध्ये त्या नाटकाचा सिनेमा झाला, दिग्दर्शन दुबेंचं, कॅमेरा निहलानींचा. तीच तीन माणसं, पुढे ‘आक्रोश’मध्येही तीच. मग फरक कशाचा? बेणारे शिक्षिका होती, आपल्या ओळखीतली, शिकलेली. तिच्या मनात काय चाललंय याची कल्पना लेखकाला करता आली. नागी आदिवासी मजूर. तिच्याबद्दल कणव आहे, राग आहे, तिच्यासाठी किंकाळीसुद्धा आहे. पण ती काय बोलली असती याची कल्पना करायची हिंमत झाली नाही. मी हे दोष द्यायला म्हणत नाही. आपल्या चळवळीतही हे झालेलं आहे. शहरातून आलेल्या आपण वाडीवरच्या बाईच्या वतीने निवेदन लिहितो, आणि तिचा अंगठा घेतो.

आणि हीच स्मिता पाटील तीन वर्षं आधी, १९७७ मध्ये, ‘जैत रे जैत’मध्ये चिंधी झाली होती. आपल्या रायगडातल्या ठाकरांची गोष्ट, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी केलेली. चिंधी लग्नाच्या नवऱ्याला सोडते, नाग्या भगताला स्वतः निवडते, आणि तोंडावर बोलते. त्यात नाग्या झालेले मोहन आगाशे ‘आक्रोश’मध्ये त्या टोळक्यातले पुढारी आहेत. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही. ठाकर बाईला डोंगरावर, गाण्यात, प्रेमात बोलता येतं. तीच बाई पोलीस आणि कोर्टाच्या गोष्टीत आली की मुकी होते.

आता संध्याकाळचा सिनेमा. त्याचं नाव मराठीत ‘खुनी आपल्यातच आहेत’ असं होईल. वोल्फगांग श्टाउटे या दिग्दर्शकाचा, १९४६ चा. महायुद्ध संपल्यावर जर्मनीत तयार झालेला पहिला सिनेमा. बर्लिनमध्ये खरोखरचे ढिगारे होते, त्यातच चित्रण केलं. झुझान ही तरुणी छळछावणीतून सुटून आपल्या घरी येते, तर तिथे हान्स नावाचा डॉक्टर राहतोय. तो सतत दारूत असतो. त्याच्या डोक्यात १९४२ चा नाताळ आहे. पोलंडमध्ये त्याच्या कॅप्टनने एका गावात हत्याकांडाचा हुकूम दिला, हान्सने थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ३६ पुरुष, ५४ बायका, ३१ मुलं. तो कॅप्टन आता मजेत आहे. सैनिकांच्या लोखंडी टोप्यांपासून भांडी बनवायचा कारखाना काढलाय. हान्स त्याला गोळी घालायला निघतो.

दिग्दर्शकाच्या मूळ लिखाणात तो गोळी घालतोही. पण बर्लिन तेव्हा चार विजयी देशांच्या ताब्यात होतं. अमेरिकन आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सिनेमाला परवानगी दिली नाही. रशियनांनी दिली, पण शेवट बदलायला लावला, कारण लोक असाच न्याय करत सुटतील. म्हणून पडद्यावर झुझान धावत येऊन हान्सला थांबवते. न्याय आपण करायचा नाही, आरोप मात्र ठेवायचा, असा तो शेवट. मला तो शेवट पटतो. सूड आणि फिर्याद यांतला फरक त्यात आहे.

पण झुझानकडे बघा. छळछावणीतून आलेली ती आहे. हान्सने हत्याकांड पाहिलं, तिने छावणी भोगली. सिनेमाभर दुःख कोणाचं? हान्सचं. रात्री ओरडून जागा कोण होतो? हान्स. झुझान काय करते? घर झाडते, फुटक्या खिडक्या बंद करते, त्याला सांभाळते. आल्यापासून तिचा चेहरा तजेलदार, कपडे नीटनेटके. छावणीत तिला काय झालं, हे सिनेमा तिला विचारत नाही. हान्सच्या जखमेवरची पट्टी एवढंच तिचं काम.

आणखी एक गोष्ट त्या सिनेमात असूच शकत नव्हती. १९४५ मध्ये रशियन फौजा बर्लिनमध्ये शिरल्या तेव्हा त्या शहरातल्या फार मोठ्या संख्येने बायकांवर सैनिकांनी बलात्कार केले. म्हणजे ज्या रस्त्यांवर ते चित्रण झालं त्याच रस्त्यांवर वर्षभरापूर्वी हे घडलं होतं, आणि सिनेमाचा परवाना रशियनांच्या हातात. तेव्हाची डायरी एका बर्लिनच्या बाईने नाव न घालता छापली. जर्मन भाषेत ती १९५९ मध्ये आली, तर जर्मन लोकच चिडले, की हिने आपल्या बायकांची अब्रू घालवली. बाईने पुन्हा छापू दिली नाही. ती गेल्यावर २००३ मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतली. हेल्के झांडर या स्त्रीवादी दिग्दर्शिकेने १९९२ मध्ये त्या बायकांना कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं, तोवर त्यांतल्या कित्येक म्हाताऱ्या झाल्या होत्या. जर्मनी काय, रायगड काय, ‘अब्रू’ या शब्दाचं वजन सारखंच. शत्रूचा गुन्हा असला तरी तो सांगणाऱ्या बाईवरच घरचे लोक उलटतात.

इथे तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, आणि काल रात्री अंथरुणं घालताना म्हणतच होत्या, की बाई बोलली तरी काय होतं? मथुरा बोलली होती ना!

होय, बोलली होती. ‘आक्रोश’च्या आधीची आठ वर्षं बघा. मार्च १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज. सोळा वर्षांच्या आतबाहेरची आदिवासी मुलगी, आईबाप नाहीत, घरच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात आणलेली. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर पाठवून तिला रात्री आत ठेवून घेतलं. दोन पोलिसांवर गुन्हा झाला. सेशन कोर्टाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं, आणि तिला संभोगाची सवय होती असं लिहून ठेवलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं, कारण अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता. १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यांचं साधं म्हणणं होतं की घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. १९८० च्या ८ मार्चला बायका रस्त्यावर आल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्काराला वेगळी शिक्षा आली, आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर तसंच धरून चालायचं, असं ठरलं.

मथुराला त्यातून न्याय मिळाला नाही, हे मला लपवायचं नाही. ते दोघे सुटले ते सुटलेच. पण ते चौघे पत्र लिहू शकले ते कशाच्या जोरावर? कोर्टाच्या कागदांवर. त्या कागदांत मथुराने सांगितलेलं होतं. कोर्टाने त्यावर विश्वास ठेवला नाही, तरी ते होतं. नागीसारखी तीही विहिरीत सापडली असती, तर पत्र कशावर लिहिलं असतं?

आणि आता ज्या प्रसंगावर काल सगळ्या गप्प झाल्या तो. लहान्याचा बाप मरतो. त्याला अग्नी द्यायला लहान्याला पुन्हा बेड्यांसह आणतात. तिथे त्याला दिसतं की मुकादमाची नजर बहिणीवर आहे. तो झटकन कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीला मारतो. मग आकाशाकडे तोंड करून ती किंकाळी फोडतो, जिच्यावरून सिनेमाला नाव मिळालं. मी तरुणपणी हा सिनेमा पाहिला तेव्हा सगळं थिएटर सुन्न झालं होतं. बाहेर येऊन मित्र म्हणाले, काय निषेध आहे! समीक्षकांनीही तसंच लिहिलं, शोषिताचा उद्रेक वगैरे. काल मात्र शेवटी एका आजींनी एवढंच विचारलं, की कुऱ्हाड हातात होती, मुकादम समोर होता, मग मारलं पोरीला का?

उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर गप्प झालो. मुकादमाला मारलं असतं तर दुसरा मुकादम आला असता, हे खरं. पण त्याहून खरं हे की पोरीचं शरीर ही घरची चीज आहे, ती नासायच्या आत घरच्यानेच तिचं काय करायचं ते करावं, हे लहान्याच्या मनात होतं आणि पाहणाऱ्यांच्याही. नागीला मारणारे खुनी, आणि बहिणीला मारणारा शोषित. दोन्ही खून आहेत. तेव्हाचं कलम ३०२, आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १०३. बहिणीला कोणी विचारलं होतं का, की तुला जगायचं आहे का? ती वहिनीची साक्षीदार असू शकली असती. भास्कर झोपडीत गेला तेव्हा ती गप्प होती. पण आज गप्प असलेली बाई दोन वर्षांनी बोलते. मेलेली बोलत नाही. त्या कुऱ्हाडीने एक साक्षीदार संपवला, आणि तो फायदा ठेकेदाराचाच झाला.

आपल्या वाड्यांवर कुऱ्हाड कोणी उचलत नाही. पण दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कुटुंबं कल्याण-भिवंडीकडे, पनवेलकडे वीटभट्टीवर जातात, कोळशाला घाट चढून जातात. तिथे मुलगी तेरा-चौदाची झाली आणि कोणी तिच्याकडे बघायला लागलं की बाप काय करतो? मुकादमाशी भांडत नाही, उचल फिटलेली नसते. तो आश्रमशाळेतून मुलीचं नाव काढतो आणि लग्न लावून देतो. बालविवाह बंदीचा २००६ चा कायदा पाठ असलेल्या आपणही तेव्हा म्हणतो, बिचारा काय करणार, अब्रूचा प्रश्न आहे. फार्महाऊसवर कामाला जाणाऱ्या मुलींचंही तेच. शेठ काही बोलला तर काम मुलीचं सुटतं, शाळा मुलीची सुटते, आणि शेठचा नंबर कोणाच्या तक्रारीत येत नाही. बापाला दुष्ट ठरवून मला मोकळं व्हायचं नाही. तो खरंच हतबल आहे. पण त्याच्या हतबलतेची किंमत पोरीने चुकवायची, हे आपण किती सहज मान्य करतो ते बघा.

आता विहीर. ‘पाय घसरून विहिरीत पडली’ हे वाक्य तुम्ही दोन्ही तालुक्यांत किती वेळा ऐकलंत ते तुम्हीच आठवा. आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद होते, पंचनाम्यावर दोन पुरुषांच्या सह्या होतात, आणि कागद बंद. पंच म्हणून बाईला उभं राहता येतं, ठाण्यात कोणी काही म्हणो. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर शवविच्छेदन टाळता येत नाही. साक्षीदार बाईला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं. मथुराला रात्री ठाण्यात ठेवून घेतलं होतं, एवढं लक्षात ठेवा म्हणजे हा नियम विसरणार नाही. आणि वकील नाही म्हणून कोणी परत जाऊ नये. बाईला आणि आदिवासीला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. भास्कर कुलकर्णीसारखा मिळेल की नाही ते सांगता येत नाही, पण तो मागायचा, आणि लेखी मागायचा.

सगळ्यात अवघड आहे ती भाषा. कातकरी बाई सांगते कातकरीत. लिहिणारा लिहितो पोलिसी मराठीत. ‘सदर इसमाने माझ्याशी गैरवर्तन केले’ असलं वाक्य तिच्या तोंडी घातलं जातं. मग कोर्टात वकील तिला विचारतो, गैरवर्तन म्हणजे काय? तिला तो शब्दच माहीत नसतो, आणि साक्ष फुटली म्हणतात. म्हणून जबाब तिला तिच्या बोलीत वाचून दाखवला का, हे तिच्या बरोबर गेलेल्या कार्यकर्तीने विचारलंच पाहिजे. बलात्काराच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटपुढे जबाब नोंदवावा लागतो, तिथे दुभाष्या मागता येतो.

दुपारी जेवणानंतर पाच-पाच जणींचे गट करू. प्रत्येक गटाने एकच काम करायचं. लहान्याच्या बहिणीच्या खुनाची फिर्याद तयार करायची. आधी कातकरीत किंवा ठाकरीत तोंडी सांगायची, मग मराठीत उतरवायची, आणि उतरवलेली पुन्हा बोलीत वाचून बघायची. मुकादमाला त्यात साक्षीदार करायचं की आरोपी, यावर भांडण होईल, होऊ दे. पण त्याच्या आधी वरची ओळ भरावी लागेल, फिर्यादी कोण ते. बाप मेला, वहिनी मेली, आणि भाऊ आरोपी आहे.